लखीमपूर-खीरीचा ऊस आणि आपले बेणे

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



गेल्या सप्टेंबरअखेर, गाळपाची धांदल सुरू होण्याआधी, मा. संचालक मंडळाच्या परवानगीने आपल्या कार्यक्षेत्रातील अकरा सभासद, दोन गटप्रमुख व मी असे चौदा जण उत्तर प्रदेशात ऊस पाहण्यासाठी जाऊन आलो. दौऱ्याचा अहवाल व खर्चाचा हिशोब रीतीप्रमाणे ऑफिसात सादर केला आहे. परंतु परत आल्यापासून गट ऑफिसात, बांधावर, लग्नाच्या मांडवात जो तो विचारतो, "साहेब, तिकडचा ऊस कसा आहे हो?" प्रत्येकाला उभ्या-उभ्या सांगून होत नाही. शिवाय तिथे पाहिलेली एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक सभासदाच्या कानावर गेलीच पाहिजे. म्हणून हा लेख.

गावाची वाट

लखनौला आम्ही रेल्वेने उतरलो. पहिला दिवस भारतीय ऊस संशोधन संस्थेत गेला. ही संस्था १९५२ सालची. तिथल्या शास्त्रज्ञांनी बेणे मळे, उष्ण हवेच्या बेणे प्रक्रियेची यंत्रे आणि नव्या जातींचे प्लॉट दाखविले. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून सीतापूरमार्गे लखीमपूर-खीरी जिल्ह्यात निघालो. अंतर सुमारे १३० किलोमीटर. वाटेत डोंगर नाही, माळ नाही, दगड म्हणून नावाला नाही. नजर जाईल तिथवर सपाट गाळाची जमीन. पिकत आलेली भाताची खाचरे, आंब्याच्या बागा, बांधावर निलगिरी आणि बाकी सगळा ऊस. आमच्यातले एक आण्णा म्हणाले, "एवढ्या रानात पायाला ठेच लागायला खडा सापडंना!"

हा भाग हिमालयाच्या पायथ्याचा, त्याला तराई म्हणतात. शारदा आणि घाघरा या नद्या इथून वाहतात. हातपंपाला चार हिसके दिले की पाणी येते. आपण पाण्यासाठी नदीवरून लिफ्ट करतो, ठिबक टाकतो, आवर्तनाकडे डोळे लावून बसतो. इथल्या शेतकऱ्याचे रडगाणे उलटे. पावसाळ्यात शेतात पाणी साठते, नदी बांध फोडते, उभा ऊस आठ-पंधरा दिवस पाण्यात राहतो. पाण्याची ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

ज्या गावी गेलो त्याचे आणि तिथल्या मंडळींचे नाव मुद्दाम देत नाही. घरचे दुखणे त्यांनी मोकळेपणाने पाहुण्यांना दाखवले, ते छापून चव्हाट्यावर मांडणे बरे नव्हे. ज्यांच्याकडे उतरलो ते साठी ओलांडलेले शेतकरी. गावात सगळे त्यांना 'चाचा' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. ओसरीवर बाजा टाकल्या होत्या. गुळाचा खडा आणि पाणी पुढे आले, मग चहा. बोलायला हिंदी आमची तोडकी-मोडकी, पण उसाची भाषा दोन्हीकडे एकच असल्याने काही अडले नाही.

तिथला कारभार आणि आपला कारभार

आधी तिथली व्यवस्था सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. उत्तर प्रदेशात १२० च्या आसपास साखर कारखाने चालतात. त्यातले बहुतेक खाजगी, सहकारी थोडे. शेतकरी कारखान्याचा मालक नसतो, ऊस घालणारा असतो. मात्र त्याची सहकारी गन्ना विकास समिती असते आणि ऊसपुरवठा तिच्यामार्फत चालतो. कोणत्या गावचा ऊस कोणत्या कारखान्याला, हे सरकारचे ऊस आयुक्त ठरवितात. शेतकऱ्याच्या क्षेत्राचा सर्व्हे होतो, मागील पुरवठ्यावरून त्याचा कोटा ठरतो आणि त्याप्रमाणे 'पर्ची' निघते. पूर्वी ही पर्ची कागदाची असे, आता मोबाईलवर संदेश येतो. पर्ची आली की तीन दिवसांत ऊस काट्यावर पोचला पाहिजे, नाहीतर पर्ची वाया. आपल्याकडे तोडणी प्रोग्रॅमवरून स्लिपबॉयशी जी काही वादावादी होते, ती तिथे पर्चीवरून होते. माणूस इथून-तिथून सारखाच.

तोडणीची तऱ्हा मात्र अगदी निराळी. तिथे टोळी नाही, मुकादम नाही, उचल नाही. ऊस शेतकऱ्याने स्वतः तोडायचा. घरची माणसे आणि गावातले मजूर ऊस सोलतात. तोडणीला तिथे 'छिलाई' असाच शब्द आहे. पुष्कळ ठिकाणी गावातली गुरे बाळगणारी माणसे वाढ्यांच्या बदल्यात ऊस तोडून देतात. तोडलेला ऊस शेतकऱ्यानेच बैलगाडीने नाहीतर ट्रॉलीने गेटवर किंवा जवळच्या वजन केंद्रावर न्यायचा.

दराचीही पद्धत वेगळी. केंद्र सरकारच्या एफआरपीपेक्षा राज्य सरकारने जाहीर केलेला दर तिथे चालतो आणि तो उताऱ्यावर नव्हे तर जातीवर ठरतो. २०२३-२४ च्या हंगामात लवकर पक्व होणाऱ्या जातीला क्विंटलला ३७० रुपये आणि सर्वसाधारण जातीला ३६० रुपये दर होता. त्याच हंगामात आपली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३१५ रुपये होती आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होत होती. ऐकून आमच्या काही सभासदांचे डोळे विस्फारले. पण तिथे तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्या पदरची, आणि उतारा कितीही वाढला तरी जास्तीचा पैसा शेतकऱ्याच्या हाती सरळ येत नाही. दोन्ही बाजू मांडून मगच तुलना करावी.

पीकही आपल्यासारखे नाही. आपली आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभी असते. तिथे मुख्य लागण फेब्रुवारी-मार्चची, काही शरदातली सप्टेंबर-ऑक्टोबरची, आणि गहू काढून एप्रिल-मे मध्ये केलेली उशिराची. वाढीला महिने थोडे मिळतात. मध्येच कडाक्याची थंडी पडते, त्या दिवसांत तोडलेल्या उसाचा खोडवा नीट फुटत नाही. त्यामुळे एकरी टनेजमध्ये आपला जाणता शेतकरी त्यांच्या पुढे आहे. तरीसुद्धा मध्यंतरीच्या काही वर्षांत या भागाने साऱ्या देशाला तोंडात बोट घालायला लावले. ते एका उसाच्या जोरावर.

को ०२३८ ची करामत

त्या जातीचे नाव को ०२३८. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथे १९१२ सालापासून ऊस पैदास संस्था आहे. त्यापुढच्या आकड्यातले पहिले दोन अंक निवडीचे साल सांगतात आणि पुढचे अंक अनुक्रम. म्हणजे ०२३८ ही २००२ सालातली ३८ वी निवड. याच हिशेबाने आपली को ८६०३२ ही १९८६ सालातली ३२ वी निवड.

०२३८ ही जात त्या संस्थेच्या हरियाणातील कर्नाल येथील केंद्रावर डॉ. बक्षी राम यांनी निवडली. २००९ साली ती उत्तर भारतासाठी प्रसारित झाली. पुढे २०२३ साली डॉ. बक्षी राम यांना पद्मश्री मिळाली. या उसाचा गुण असा की टनेज आणि साखर दोन्ही एकाच कांडीत. एरवी लवकर पिकणारा गोड ऊस वजनाला कमी भरतो आणि वजनाचा ऊस साखरेला कमी पडतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ०२३८ ने ती अडचण काढून टाकली. उत्तर प्रदेशाचा सरासरी उतारा पूर्वी ९ टक्क्यांच्या आसपास घोटाळत असे, तो काही वर्षांतच ११ टक्क्यांच्या वर गेला. कारखाना खूष, शेतकरी खूष. बघता बघता राज्यातल्या उसाच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर ही एकच जात उभी राहिली.

चाचांनी हाताने घर दाखविले. "ये पक्का मकान इसी गन्ने का है." पोरांची शिक्षणे, बोअरवेल, ट्रॅक्टर, सगळे त्याच उसाचे. ते म्हणाले, जुनी जात कशाला ठेवायची? कारखान्याचा माणूस यायचा तोही हीच लावा म्हणायचा. गावात दुसरा ऊस औषधालासुद्धा उरला नाही.

हे ऐकताना मला माझीच बोलणी आठवत होती. मीही आपल्या गटसभांतून वर्षानुवर्षे एकाच जातीचे गोडवे गायलो आहे. कारण ते सोपे असते. एक जात, एक वेळापत्रक, एक खताचा डोस. शेतकऱ्यालाही डोक्याला त्रास नाही आणि शेतकी खात्यालाही नाही.

उभा ऊस चिरला तेव्हा

दुपारी शेतावर गेलो. जाताना चाचांनी बरोबर चार माणसे घेतली आणि एकाने काठी बडवत पुढे चालायचे. कारण विचारले तर म्हणाले, जंगल जवळ आहे, वाघ उसात येऊन बसतो. दुधवाचे राष्ट्रीय उद्यान याच जिल्ह्यात. आपल्याकडे जुन्नर भागात उसात बिबट्या असतो, इथे साक्षात पट्टेरी वाघ. आमची मंडळी नकळत मधोमध चालू लागली.

लांबून प्लॉट हिरवागार. पण जवळ गेल्यावर बेटाबेटांतून पिवळे शेंडे दिसू लागले. वरून तिसरे-चौथे पान पिवळे पडून वाळू लागलेले, मग सगळा शेंडाच वाळलेला. चाचांनी एक ऊस बुडातून काढला, कोयत्याने उभा चिरला आणि आमच्यापुढे धरला. आतला गर लालभडक, आणि त्या लालीत आडवे पांढरे पट्टे. वास घेतला तर आंबूस, दारूच्या भट्टीसारखा. पुढची कांडी चिरली तर आत पोकळ आणि करड्या रंगाची बुरशी. बाहेरून साल बरीचशी ठाकठीक.

हीच लाल कूज, तिकडे म्हणतात 'लाल सड़न'. शेतकरी तिला उसाचा कॅन्सरच म्हणतात. एका बुरशीपासून हा रोग होतो. बुरशी कांडीच्या आत शिरून साखर खाते, रस आंबवते आणि शेवटी ऊस वाळतो. एकदा ऊस आतून धरला की वरून कितीही फवारा, काही उपयोग होत नाही. वजन जाते, साखर जाते, खोडवा जातो. चाचांच्या सहा एकरांपैकी चार एकरांत रोग होता. दोन एकर त्यांनी आधीच नांगरून भाताखाली घातले होते.

एका सभासदाने विचारले, "पण ही जात तर रोगाला दाद देत नव्हती ना?" प्रश्न बरोबर होता. जात आली तेव्हा ती लाल कुजीला तोंड देणारीच होती. परंतु बुरशी हीसुद्धा जिवंत वस्तू आहे, तीही बदलत असते. शेतात दहा जाती असल्या की बुरशीला दहा कुलपे उघडावी लागतात. सगळीकडे एकच जात असली की एक किल्ली सापडल्यावर साऱ्या गावाची कुलपे उघडतात. इथे तसेच झाले. ०२३८ वर चालणारा बुरशीचा नवा प्रकार शास्त्रज्ञांना आढळला. पूर्व आणि मध्य उत्तर प्रदेशात रोग आधी वाढला आणि २०१८-१९ नंतर पसरतच गेला.

हे पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. १९३८ ते १९४० या काळात पूर्व उत्तर प्रदेश आणि उत्तर बिहारमध्ये को २१३ ही गाजलेली जात याच रोगाने बसविली होती. पंजाबात कोजे ६४ ही गोड जात अशीच गेली. उत्तर हिंदुस्थानातल्या ऊस शेतीचा इतिहास म्हणजे एक चांगली जात येते, सगळे तिच्यामागे धावतात, आणि काही वर्षांनी लाल कूज तिला गाठते, असाच आहे.

बहिणीचे गाव

रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो कसा, हे लखनौच्या शास्त्रज्ञांनी सांगितले होते. वाहत्या पाण्यातून जातो. रोगट शेतातले पावसाचे पाणी खालच्या शेतात गेले की रोग गेला. म्हणूनच पुराच्या पट्ट्यात तो जास्त. रोगट शेताच्या खोडव्यातून आणि पडलेल्या अवशेषांतूनही राहतो. पण लांबवर, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो तो एकाच वाहनाने, आणि ते वाहन म्हणजे बेणे.

हे शास्त्र चाचांनी आम्हांला आपल्या शब्दांत सांगितले, ते मी विसरू शकत नाही. त्यांची धाकटी बहीण पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गावी दिलेली. तिच्या घरची जमीन उंचवट्यावर, तिथे रोगाचा मागमूस नव्हता. तीन वर्षांपूर्वी मेहुण्यांनी बेणे मागितले. चाचांचा प्लॉट तेव्हा गावात एक नंबर होता. त्यांनी आपली ट्रॉली भरून, आपले डिझेल घालून बेणे पोचविले. बहिणीकडून पैसे कसले घ्यायचे? पहिल्या वर्षी ऊस चांगला आला. दुसऱ्या वर्षी खोडव्यात पिवळे शेंडे दिसले. तिसऱ्या वर्षी मेहुण्यांनी उभा ऊस पेटवून दिला. चाचा म्हणाले, "बेणं फुकट दिलं, रोगही फुकट दिला. ते लोक काही बोलत नाहीत, पण या राखीला मीच गेलो नाही. कोणतं तोंड घेऊन जायचं?"

बांधावर सगळे गप्प उभे होते. तेवढ्यात आमच्यातले आण्णा, ज्यांचे खड्याचे बोलणे वर सांगितले, ते खाली बसले आणि खांद्यावरची पिशवी उघडू लागले. आत धोतराच्या पानात गुंडाळलेल्या चार कांड्या होत्या. सकाळी वाटेत एका प्लॉटात चांगला जाडजूड ऊस दिसला, म्हणून मालकाला विचारून त्यांनी मागून घेतल्या होत्या. घरी नेऊन परसात लावून बघाव्यात, साधल्या तर चार शेजाऱ्यांना द्याव्यात, एवढाच भाव. इथे एक कबुली देतो. त्या कांड्या त्यांनी पिशवीत टाकताना मी पाहिल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाची हौस, चार कांड्यांनी काय होते, असे म्हणून मी काणाडोळा केला होता. माझी नोकरीच बेण्याची, आणि मीच गप्प बसलो.

चाचांनी एक कांडी घेऊन चिरली. आत पांढरीशुभ्र, काही डाग नाही. आण्णांचा चेहरा उजळला. चाचांनी मान हलविली. म्हणाले, "मी बहिणीला दिलेलं बेणंही आतून असंच होतं." हे खरे आहे. कांडीत, डोळ्याच्या आसपास रोग सुप्त राहू शकतो. चिरून लाल दिसले तर रोग आहे हे नक्की, पण पांढरे दिसले म्हणजे रोग नाहीच असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आण्णांनी चारही कांड्या चाचांच्या हातात दिल्या. संध्याकाळी त्या चुलीत गेल्या.

तिथे आता काय चालले आहे

गाव हातपाय गाळून बसलेले नाही, हे सांगणे अवश्य आहे. सरकारचे ऊस खाते, समिती आणि संशोधन केंद्रे मिळून जात बदलण्याच्या मागे लागली आहेत. शहाजहानपूरच्या केंद्राची कोशा १३२३५, लखनौची कोलख १४२०१, कर्नालची जुनी को ०११८ अशा निरनिराळ्या जाती लावल्या जात आहेत. रोगट बेट दिसले की मुळासकट उपटायचे, जाळायचे, खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाकून माती ओढायची. रोगट शेताचे पाणी दुसरीकडे सोडायचे नाही, खोडवा ठेवायचा नाही, निदान एक वर्ष भात-गहू असे दुसरे पीक घ्यायचे. गावातल्या बायकांचे बचत गट एक-एक डोळ्याची रोपे तयार करून विकतात, तेही पाहिले. काम नेटके होते.

पण नवे बेणे एका रात्रीत होत नाही. चाचांना नव्या जातीचे बेणे सहा एकरांना हवे होते, मिळाले पाऊण एकरापुरते. गावातला प्रत्येक जण एकाच वेळी तेच मागतो आहे. पूर्वी दर वर्षी थोडे-थोडे दुसऱ्या जातींचे बेणे राखले असते, तर आज ही पळापळ झाली नसती, असे ते स्वतःच म्हणाले.

आता आपल्या घरचे

आपल्या भागात लाल कुजीचे दुखणे उत्तरेसारखे नाही. आपली हवा, आपला निचरा वेगळा. म्हणून हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. परंतु आपल्याकडे काणी आहे, गवताळ वाढ आहे, तांबेरा आहे. यातली काणी आणि गवताळ वाढ मुख्यतः बेण्यातून घरोघर जातात. वडीलधाऱ्या सभासदांना आठवत असेल, को ४१९ च्या मागून को ७४० आली, तेव्हा सगळीकडे ७४० च ७४० झाली आणि काणीने तिला घेरले. माझे वडील ७४० लावीत. काणीचा काळा चाबूक म्हणजे काय, ते मी डिप्लोमाला जाण्याआधी घरच्या शेतातच शिकलो. आज ७४० ची जागा ८६०३२ ने घेतली आहे. ऊस उत्तम आहे यात वाद नाही. पण आपल्या नोंदवहीत पान उलटावे तिथे तीच एक जात दिसते, याची मला आता काळजी वाटते.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी आपले बेणे प्लॉट पुन्हा एकवार पायाखाली घातले. त्यातल्या एका प्लॉटात, जो जुलैमध्ये मीच पास केला होता, काणीची सात बेटे आणि गवताळ वाढीची तीन बेटे सापडली. जुलैत ती नव्हती की माझ्या नजरेतून सुटली, हे आज सांगता येणार नाही. पण जबाबदारी माझी. तो प्लॉट रद्द केला आहे. सभासदाचे बेण्याचे गिऱ्हाईक गेले, तो ऊस आता गाळपास जाईल. ते नाराज झाले आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मात्र त्या प्लॉटाचे बेणे मागणीप्रमाणे बावीस सभासदांकडे जाणार होते. बावीस घरांत काणी वाटण्यापेक्षा एका घरची नाराजी मी पत्करली.

सभासदांनी काय करावे

पहिली गोष्ट, बेणे पाहुण्या-रावळ्यांत नुसत्या डोळ्यांनी पसंत करून घेऊ-देऊ नये. मेहुण्याचा ऊस जाड आहे एवढ्याने ते बेणे होत नाही. बेणे घ्यायचे ते बेणे मळ्यातले. मूलभूत बेण्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित, अशी त्रिस्तरीय साखळी त्यासाठीच आहे. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया दिलेली असते, त्याने काणी व गवताळ वाढ आटोक्यात राहते.

दुसरी गोष्ट, बेण्याचे वय ९ ते ११ महिने असावे. खोडव्याचे बेणे वापरू नये. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. लागणीपूर्वी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन त्यात टिपरी १० ते १५ मिनिटे बुडवावीत. बेणे तोडताना कोयता अधूनमधून निर्जंतुक करावा. खर्च किरकोळ आहे, कंटाळा मोठा आहे.

तिसरी गोष्ट, सगळी अंडी एका टोपलीत घालू नयेत असे कोंबड्या पाळणाऱ्याला सांगावे लागत नाही, आपल्याला मात्र सांगावे लागते. ज्यांची दोन एकरांवर लागण आहे त्यांनी निदान अर्ध्या एकरात दुसरी शिफारस केलेली जात लावावी. जमीन भारी, चोपण असेल तर कोएम ०२६५ आहे. पाडेगावची फुले १०००१ आहे, मांजरीच्या संस्थेची व्हीएसआय ०८००५ आहे. कोणत्या रानाला कोणती, ते गट ऑफिसात विचारावे. लवकर पिकणारी जात लवकर तोडू, उशिराची उशिरा तोडू. यात तोडणी प्रोग्रॅम लावताना आमची तारांबळ होईल, पण तो आमचा प्रश्न. सभासदाने त्याची चिंता करू नये.

चौथी गोष्ट, परराज्यातून किंवा परजिल्ह्यातून कोणतीही कांडी, मग ती एक असो की चार, परस्पर आणू नये. नवी जात पाहिजेच असेल तर कारखान्याला कळवावे. संशोधन केंद्रामार्फत, तपासून, रीतसर आणू.

आणि शेवटची गोष्ट, महिन्यातून एकदा आपल्याच उसात आडवे-तिडवे फिरावे. काळा चाबूक दिसला, गवतासारखा पांढुरका फुटवा दिसला, शेंडा पिवळा पडून वाळलेला दिसला, तर ऊस चिरून बघावा आणि त्याच दिवशी गटप्रमुखाला बोलवावे. लपवू नये. रोग लपविण्यात लाज राखली जात नाही, उलट शेजाऱ्याचे नुकसान होते.

निघताना चाचांनी प्रत्येकाच्या हातावर गुळाची एकेक भेली ठेवली. ती आम्ही आनंदाने आणली, कारण गूळ उगवत नाही. येताना गोला गोकर्णनाथला महादेवाचे दर्शन घेतले. गाडीत आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, पुढच्या राखीला तरी त्या माणसानं बहिणीकडं जायला पाहिजे." मला वाटते, ते जातील. पाऊण एकरातले नवे बेणे तयार झाले की पहिली ट्रॉली तिकडेच जाणार आहे, असे चाचांनी आम्हांला सांगितले होते. या वेळी मात्र समितीच्या माणसाकडून तपासून घेऊन.

आपल्या सुरू लागणीसाठी बेण्याची मागणी गट ऑफिसात नोंदविणे चालू आहे. मागणी नोंदविताना जात एकच लिहू नये, दोन लिहाव्यात, ही विनंती.